अनवाणी पायांचा नवस

३ जुलै, लातूर
डाव्या तळपायात खडा रुतल्यासारखं झालं. पाहिलं, तर खडा नाहीच! टाचेजवळ टणक गाठ, मधे काळे ठिपके. कुरूप असणार. चप्पल सोडून एकवीस दिवस झाले ना — सिद्धेश्वराला बोललेय, देविकाला मेडिकलची सीट मिळेपर्यंत पायात काही घालणार नाही.

देविकाच्या क्लाससाठी आम्ही मायलेकी इथं खोलीवर, हे गावी. यांचा उदगीरहून फोन. "पोरगी जेवली का?" मी जेवले का, ते कोण विचारणार!

७ जुलै
ब्लेडनं कापलं. लई रक्त आलं. तशीच खाली बाथरूमला गेले. चार खोल्यांना एकच बाथरूम, फरशी कायम ओली.

देविका क्लासहून आली अन् कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसली. दिवसभरात तिची तीन वाक्यं. मोजते मी.

१२ जुलै
घरमालकीण केवळाबाईंनी गरम बिब्बा लावला. "दोन दिसात गळतंय बघा!" गळलं कुठलं, भाजलं तेवढं. रडले. देविकाला कळू दिलं नाही, तिची टेस्ट होती.

१९ जुलै
लंगडत डॉक्टरकडे. चांगलेच रागावले. "कुरूप नाही मावशी, चामखीळ आहे. विषाणूनं होते. ब्लेड, बिब्बा बंद! पाय कोमट पाण्यात भिजवा, दगडानं हलकं घासा, हे औषध फक्त गाठीवर लावा. तो दगड, तुमचा टॉवेल कुणाला देऊ नका. अन् ओल्या फरशीवर अनवाणी फिरू नका, घरातल्यांनाही होईल."

औषध आणलं. चपलेचं कसं करू? देवाला शब्द दिलाय.

२० जुलै
औषध लावायला लागले. चप्पल नाही.

१४ ऑगस्ट
गाठ बारीक झाली! कुणाला सांगू? केवळाबाई लेकीकडे गेल्यात. भिंतीलाच सांगितलं.

२ सप्टेंबर, रविवार
दुपारी देविका झोपलेली, पाय पांघरुणाबाहेर. उजव्या तळव्याला दोन गाठी. तेच काळे ठिपके!

उठवलं. कधीपासून? म्हणे, महिना झाला. मग बोलली का नाहीस गं?

"तू माझ्यासाठी अनवाणी फिरतेस. मी कुठल्या तोंडानं सांगू?" मग रडायलाच लागली. "सीट नाही मिळाली तर जन्मभर अशीच फिरणार का, आई? पेपर हातात आला की तुझे पायच दिसतात मला."

माझ्यामुळंच झालं. तिच्या गाठीही अन् मनावरचं हे ओझंही.

३ सप्टेंबर
नवस मोडला. रबरी चपला आणल्या, दोन जोड. सिद्धेश्वरा, रागवायचं तर माझ्यावर रागव.

औषध लावताना देविकानं विचारलं, "आई, तू जेवलीस का?"