कांद्याची कडी

आई, खोली तयार झाली. बोईसरचा हा फ्लॅट तू पाहिला नाहीस, म्हणून सांगतो. मागची लहान बेडरूम, जिथे पलंग टाकला की माणसाने आडवं होऊन चालायचं, ती. तुझी नात बाळंतपणाला आली आहे आणि तिला बाळासाठी, तिच्या भाषेत, 'बेबी रूम' हवी होती. सुताराला जागा दाखवली तर म्हणाला, ह्यात कपाट बसणार नाही, बसलं तर दार उघडणार नाही. त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मी दारच सरकतं केलं. कपाटाचे कोपरे हाताने घासून असे गोल केले की डोळे मिटून हात फिरवला तरी कुठे धार लागू नये. खणांना मुठी नाहीत, बोटं घालायला खाच आहे, म्हणजे रांगतं मूल कपाळ आपटणार नाही. खिडकी एमआयडीसीच्या बाजूला उघडते. तिकडून पहाटे येणाऱ्या वासाला तू बेटेगावच्या घरी असताना 'तुझ्या कंपनीची अगरबत्ती' म्हणायचीस. ती काच घट्ट बसवली आणि हवेसाठी पॅसेजच्या बाजूने जाळीचा झरोका काढला. शाळा नववीत सुटली, वेल्डिंग दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकलो, पण माझ्या कामात कुणी खोट काढून दाखवावी. हे मी चारचौघांत बोलत नाही. तुझ्यापुढे बोलायला हरकत नाही.

हे सगळं करताना मला काहीही वाटलं नाही. वेल्डिंगचे चामडी हातमोजे घालून कुणाचा हात हातात घ्यावा, तसं. धरलाय एवढं कळतं, पुढचं काही नाही. मुलगी परवा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आनंद नाही का झाला?" मी म्हटलं, "झाला की." "मग तोंड असं का, इन्स्पेक्शनला आल्यासारखं?" ही, म्हणजे तुझी सून, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, स्वतःच्या लग्नातपण असेच उभे होते ते." दोघी हसल्या. हसता हसता मुलीने विचारलं, "आणि बारशाचा पाळणा कुठे टांगणार?" मी म्हटलं, "बघू." तिचं हसू थोडं उतरलं ते मला दिसलं. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. हिने कपाट होऊ दिलं, कारण कपाट घराचं. पण त्यात बाळाचं एक झबलंसुद्धा अजून ठेवू दिलेलं नाही. आपल्यात आधी काही आणत नाहीत, एवढंच ती मुलीला सांगते. उरली होती फक्त पाळण्याची कडी.

तुला बेटेगावची ती कडी आठवत असेल. घर मी बांधलेलं, वर सिमेंटचे पत्रे, त्यांच्याखाली लोखंडी पाइप. हिला सातवा लागला तसा मी पाइपला कडी वेल्ड केली. तू एडवणहून आली होतीस, खाली उभी राहून वर बघत होतीस. "इंजिनेरसायेब, पोर येऊं दे आदी. रिकामं टांगून ठेऊ नाय." मी म्हणालो, "आई, हा जोड बघ, घर पडेल पण कडी निघायची नाही." आणि दुसऱ्याच दिवशी पाळणाही टांगला, साखळीसकट, रंग देऊन. मला तो लोकांना दाखवायचा होता.

मुलगा होता. रडला नाही. ही पालघरला दवाखान्यात आहे आणि मी घरी येतो, पाळणा काढून माळ्यावर टाकतो. कडी निघत नाही. मी करवत घेऊन स्टुलावर चढतो. वीज नाही, पातं मोडतं, दुसरं लावतो, तेही मोडतं. पत्र्यावरची धूळ डोळ्यात पडते आहे आणि मी घासतोच आहे. खालून तुझा आवाज येतो, "उतर. ती यायच्या आत छप्पर पाडशील." मी उतरत नाही. तू पुन्हा म्हणतेस, "अरे, लोखंडानं काय केलंय तुझं? उतर." मग तू मागच्या दारातून कांद्यांची माळ आणतेस, साडी खोचून त्या वयात स्वतः स्टुलावर चढतेस आणि माळ कडीला अडकवून देतेस. "झालं. आता ती कांद्याची कडी हाय."

ही घरी आली, अंथरुणावर पडली, वर बघितलं. म्हणाली, "आई, एवढे कांदे कशाला आणलेत?" तू म्हणालीस, "सस्त भेटले." तेवढंच. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं, तेव्हापासूनच हे असं आहे की काय कोण जाणे. पुढे मुलगी झाली. तिच्या बारशाच्या सकाळपर्यंत तू त्या कडीवरून कांदे हलू दिले नाहीस, माळ संपली की दुसरी. त्या सकाळी तूच ते उतरवलेस, मला म्हणालीस, "चढव आता," आणि पाळण्यात आधी वरवंटा निजवून मग पोरीला ठेवलंस.

ह्या वेळी स्लॅबमध्ये बोल्ट मारून प्लेट बसवली. ड्रिल मारायला आलेला कारागीर म्हणाला, "उस्ताद, हुक को वेल्ड मार दो, जिंदगीभर हिलेगा नहीं." मी म्हटलं, "नट लगा." "नट आवाज करेगा." "तो दो नट लगा." तो माझ्याकडे बघत राहिला. वेल्डिंगवर ज्याने आयुष्य काढलं तो माणूस नट मागतो आहे, ह्याचं त्याला नवल वाटलं असावं. पाना लावला की दोन मिनिटांत निघेल अशी ती कडी आहे. सिमेंटची गोणी दिवसभर टांगून पाहिली. प्लेट केसभर हलली नाही. संध्याकाळी गोणी उतरवली आणि खोलीत नुसती कडी उरली. मी दार सरकवून घेतलं.

काल मनोरच्या बाजारात गेलो होतो. येताना कांदे आणले, पातीसकट सुकवलेले, सुतळीत गुंफले आणि त्या कडीला टांगले. मुलगी पोटावर हात ठेवून आली. "पप्पा! बाळाच्या खोलीत कांदे?" मी म्हटलं, "लोड टेस्ट." "कांद्यांनी?" तिने फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तिच्या आधी एक भाऊ झाला होता एवढं तिला माहीत आहे, कांद्यांचं नाही. मग ही आली, ओले हात पदराला पुसत. वर पाहिलं. आत गेली आणि लसणाची जुडी घेऊन आली. "अहो, हीपण अडकवा तिथंच." इतक्या वर्षांत त्या कांद्यांबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललेलो नाही. कालही बोललो नाही. मी लसूण अडकवली.

तुला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचो, आणि आता तर तूही नाहीस, तेव्हा हे पाठवायचं नाही ते लिहायला बसतानाच ठरलं होतं. त्या खोलीच्या फरशीला कोपऱ्यात उतार आहे, कपाट किंचित डुगडुगतं. हा कागद घडी करून त्याच्या मागच्या पायाखाली सरकवेन. आनंदाचं मुलीला 'झाला की' म्हटलं, ते आपलं म्हणायचं म्हणून. एक मात्र झालं. बाजारात मी एकेक कांदा दाबून घेत होतो, मऊ वाटला की बाजूला. कांदेवाली वैतागली. "काका, कांदे घ्यायचे हायत का पोरगी बघायची हाय?" मी म्हणालो, "बारशापर्यंत टिकायला हवेत." हा शब्द घरात माझ्या तोंडून अजून निघालेला नाही. तिला सांगून बसलो.