लाल हापसा

५ जानेवारी
ओवी दोन दिवस जेवत नाही. उजव्या दाढेला खड्डा, गाल सुजलाय. चार वर्षांच्या पोरीच्या दाढेला खड्डा कसा पडतो? चॉकलेट फार देत नाही. दोन्ही वेळा दात घासून देतो, तेही दादाने दिलेल्या पावडरीने. एकदाही चुकवलं नाही.
दादाला फोन केला. म्हणाला, "दुधाचे दात, पडणारच ते. पावडर जरा चोळून लाव. पेस्टच्या नादी लागू नको. तुना दात दखात नही का तुले आरशामां?"
दिसतात. रोज दिसतात.

६ जानेवारी
सूज वाढली. सविता चिडली. "दवाखान्यात न्यायचं की नाही, तेही मोठ्या भावाला विचारूनच ठरवणार का?"
वडील गेल्यावर मला सुरतला दादानेच आणलं. सुरतेजवळच्या सचिन गावी, कापडाच्या घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यात त्यानेच लावलं. सख्खा भाऊ वाईट का सांगेल?

८ जानेवारी
खाडा करून सरकारी दवाखान्यात गेलो. दाताच्या डॉक्टर मॅडम गुजराती, वयाने माझ्याएवढ्याच. विचारलं, "बेबी को कौनसा पेस्ट?" मी जरा ऐटीतच सांगितलं, पावडर आहे, बिना फ्लोराइडची. "क्यूँ?" मी ओठ वर करून माझे दात दाखवले. तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे. म्हटलं, हे फ्लोराइडनेच झालंय, म्हणून पोरीला देत नाही.
हसतील वाटलं. हसल्या नाहीत. बॅटरी लावून नीट पाहिलं. "सही बात है, फ्लोराइड ही है। पर पेस्ट से नहीं, पानी से।" लहानपणी कुठलं पाणी प्यायचो विचारलं. गावचा हापसा, बोअरचा.
सांगितलं ते विसरण्याआधी लिहितो. फ्लोराइड थोडं असलं तर दात टणक होतो, कीड अडते. दात हाडात तयार होत असताना पोटात जास्त गेलं तर डाग पडतात, जसे माझे. ओवीला मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, ब्रशवर आपण लावून द्यायची, घासताना समोर उभं राहायचं. "थूंकी नाखवानुं, गळवानुं नहीं." म्हणजे थुंकायचं, गिळायचं नाही. नंतर खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. ट्यूब तिच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.
घरी पाणी कुठलं तेही विचारलं. नळाचं. "तो डर किसका?"
दाढ साफ करून तात्पुरती भरली. पुढे चांदीची टोपी बसवायची आहे. बाकीच्या दातांना काहीतरी चिकट लावलं. ओवी मॅडमच्या बोटाला चावली.

९ जानेवारी
खात्यात लक्ष नव्हतं. दोन तागे उलटे घडी केले, शेठ ओरडला.
एकच गोष्ट डोक्यात. गावी आमच्या घरात पेस्ट कधी नव्हतीच. आई मिसरी लावायची, आम्ही राखुंडी. मग पेस्टने माझे दात कसे खराब होतील? इतकं साधं मला इतकी वर्षं सुचलं नाही.

संध्याकाळी आईला गावी फोन. "आई, आपला हापसा लाल का रंगवला होता?"
"साहेब लोके रंगाई गयतात. पेवाचं नही म्हणे."
"मग आपण का प्यायचो?"
"दुसरं पानी कोठे व्हतं रे? दादानी सांगेल व्हतं माले, लाल हापसानं भरू नको, धाकलाना दात खराब व्हतीन."
दादाने. त्याचे स्वतःचे दात पांढरे. हापसा बसला तेव्हा तो मोठा झाला होता.

गेल्या पावसाळ्यातली दादाची पावडर विकायची मीटिंग आठवते. हॉल भरलेला, दादाच्या हातात माइक. "ये मेरा सगा छोटा भाई। पेस्ट ने क्या किया, देखो। भाई, मुँह खोल।" मी खोललं. पहिल्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून पुढे झुकल्या. मी मानही हलवली. त्या दिवशी डबे भराभर गेले. घरी येताना दादाने मला लोचो खाऊ घातला.

११ जानेवारी
कोसाडला दादाकडे गेलो, एकटाच. बोलायचं काय ते रिक्षात ठरवलं होतं. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो तर फळीवर मुलांची गुलाबी पेस्ट, कार्टूनची. ट्यूबच्या मागचं वाचलं. फ्लोराइड आहे.
वहिनीला विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं, सहज बोलली. "आमच्या वेदांतची दाढ भरली ना, तेव्हापासून हीच. तुमचे भाऊच आणतात."
दादा बाहेर मोबाइल बघत होता. मी फक्त ट्यूब समोर धरली.
आधी म्हणाला, "तिला विचार." मग म्हणाला, "धंदा वेगळा, घर वेगळं."
माझं घर कशात धरलं होतं, ते विचारायचं राहिलं. चहा न घेता निघालो. वहिनी दारात, "अहो भाऊजी, झालं काय?"

१४ जानेवारी
उत्तरायण. दरवर्षी दादाच्या गच्चीवर असतो. यंदा गेलो नाही. ओवी खिडकीतून पतंग बघत "मोठे पप्पा, मोठे पप्पा" करत होती. सविता म्हणाली, जायचं तर जा. गेलो नाही. पावडरीचा डबा मोरीत रिकामा केला. पाणी बराच वेळ लालसर वाहत होतं.

१५ जानेवारी
दादा आला. फिरकी, चिक्की, आणि ओवीसाठी तीच गुलाबी पेस्ट, नवी कोरी. ओवी त्याच्या मांडीवर चढून तोंड उघडून दाखवायला लागली. "मोठे पप्पा, डॉक्टरने खड्डा बुजवला." त्याने पाहिलं. गालावरून हात फिरवला. डोळे ओले झाले, हे खोटं लिहिणार नाही.
वाटलं, आता बोलेल.
निघताना जिन्यात थांबला. चपला घालत, खाली बघत म्हणाला, "रविवारी उधन्याला मीटिंग शे. इशी ना?"
येतो म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. तो होकार समजून गेला की काय, कळत नाही.
पेस्ट सविताने वरच्या फळीवर ठेवली. ओवीला मटारएवढी काढून दिली, समोर उभा राहिलो. नीट थुंकली.
रविवारी सुट्टी आहे मला. ते दादाला माहीत आहे.