आठ आणि मी

प्रिय दादा,

काल तपासणीच्या बाई आल्या आणि त्यांनी न सांगता आगीची घंटा वाजवली. "पुढच्या दारात धूर आहे असं समजा," म्हणाल्या. नऊ म्हातारी माणसं चार मिनिटांत बाहेर हवी होती. वृद्धाश्रमाची व्यवस्थापक मी, पण आधी कोणाला हलवावं हेच मला सुचेना.

तेवढ्यात आपली आई उठली. दोन वर्षं मला न ओळखणारी, घास भरवावा लागणारी आई! इस्पितळात नर्स म्हणून काढलेली तीस वर्षं तिच्या अंगात कुठे दडली होती कोण जाणे. तिनं चाकांच्या खुर्चीचा ब्रेक सोडला, चष्मा शोधत बसलेल्या मास्तरांना दरडावलं, "चष्मा राहू द्या, आधी चला!" आणि सगळ्यांना मागच्या दाराशी नेलं.

दाराला कुलूप होतं. ती भटकते म्हणून मीच लावलेलं.

"किल्ली द्या, सिस्टर," ती मला शांतपणे म्हणाली.

माझ्या हातातून किल्ली पडली. तिनं उचलली, दार उघडलं आणि बाहेर एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. "आठ, आणि मी."

पाच मिनिटं लागली. बाईंनी कुलपाबद्दल कडक शेरा लिहिला. आज कुलूप काढून तिथे दार उघडताच वाजणारी घंटी बसवली. पण हे कळलं तर तू आईला इथून हलवशील, म्हणून हे पत्र कपाटातच राहील.

आज भरवताना मी विचारलं, "आई, काल काय केलंस गं?"

"काल माझी ड्युटी होती?"

"होती."

"मग सगळे सुखरूप आहेत ना?"

तुझी धाकटी