सातासमुद्रापारचे तीन प्रश्न

१७ जानेवारी २०२५

गोंदियाला जाऊन आलो. अर्जुनीहून सकाळची गाडी, दिवसभर कोर्टाच्या बाकावर, आणि काम पाच मिनिटांचं! पण जे ऐकलं ते जन्मात ऐकलं नव्हतं.

कुशलच्या खटल्याची तारीख होती. मी सरकारचा साक्षीदार, पहिल्या नंबरचा. ऑक्टोबरात आमच्या तलावाच्या तुडुमावर, जिथून शेतांना पाणी सोडतो तिथं, कोणीतरी आमच्याच गावच्या कवडूच्या डोक्यात फावडं घातलं. दुसऱ्या दिवशी कवडू दवाखान्यात वारला. एक शब्द न बोलता. कुशल म्हणतो, मी तिथं नव्हतोच, राइस मिलवर होतो. मी म्हणतो, होता. मी पाहिला. चाळीस वर्षं या तलावाचं पाणी मी वाटतो. तुडुमावर कोण आहे ते मला कळणार नाही तर कोणाला?

कुशलचा फोन अटकेच्या धावपळीत फुटला. पासवर्ड दुकानवाल्यानं टाकलेला, त्यालाही आठवत नाही! टॉवरवरून काही ठरत नाही. मिल आणि तलाव एकाच टॉवरखाली. पण सरकारी वकील भूमिका मॅडम म्हणाल्या, फोनमधला नकाशा मिनिटामिनिटाला लिहून ठेवतो, माणूस कुठे होता ते. आणि हे सगळं लिहिलेलं कुठे आहे? आयर्लंड नावाच्या देशात!

म्हणजे आमच्या गावचा माणूस बैल पाण्यावर घेऊन गेला, तर नोंद आयर्लंडात. गाडीत रस्ताभर हेच डोक्यात. मी थक्क झालो आहे.

१८ जानेवारी

नातीच्या पुस्तकात आयर्लंड शोधला. एवढासा! माझ्या अंगठ्याखाली झाकला जातो.

५ मार्च

आज पुन्हा गोंदिया. त्या नकाशाच्या कंपनीचं उत्तर आलं — देत नाही म्हणते! कंपनी अमेरिकेची, यंत्रं आयर्लंडात. म्हणे, "आमच्या देशाचा कायदा असा की परक्या कोर्टाला थेट दिलं तर आम्हीच गुन्हेगार." आमचे जजसाहेब म्हणाले, "इथं धंदा करता, गुन्हा इथं घडला, माणूस इथला. इथला कायदाही पाळावा लागेल." इकडचा कायदा म्हणतो दे, तिकडचा म्हणतो खबरदार! मधल्या माणसाने जायचं कुठे?

बाहेर दोन तरुण वकील डोकं खाजवत होते. मला मात्र लगेच समजलं. आमचा तलाव शेजारच्या गावच्या शिवारात, पाणी आमचं. हक्काचा कागद आमच्याजवळ, पण पाट त्यांच्या जमिनीतून. आजोबांपासून दोन्ही गावं भांडत आली, आणि शेवटी दरवेळी दोन्हीकडची जाणती माणसं बसल्याशिवाय पाणी हललं नाही. आता देशच्या देश असे बसणार! हसूही आलं आणि छाती भरूनही आली.

घरी बायको, कुंदा, म्हणाली, "एकटेच काऊन हसून राहिले?" तिला काय सांगू!

२२ एप्रिल

मागणीचा कागद निघाला. सोबत माझा जबाब, इंग्रजीत केलेला. आधी मुंबई, मग दिल्ली, मग अमेरिका. मी स्वतः नागपूरच्या पुढे गेलो नाही — माझं बोलणं समुद्र ओलांडणार! मॅडमनी ते पान दाखवलं. एक अक्षर कळलं नाही, पण माझं नाव, उमराव, कुठे असेल ते बोटाने शोधत बसलो.

२३ एप्रिल

अंजू भेटली बोअरिंगवर. कुशलची बायको. घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "काका, देवाची आन घेऊन सांगा. तुमी त्याले पाह्यलं?"

"पाह्यलं."

घागर उचलली आणि गेली. मला राग आला. माझ्या शब्दावर आजवर कोणी आन मागितली नव्हती.

११ जून

तिकडून काही नाही. शेतात धानाचे पऱ्हे टाकले.

८ ऑक्टोबर

वर्ष झालं. कुशल भंडाऱ्याच्या जेलात. जामीन दोनदा नाकारला — माझ्या जबाबावर. यंदा त्याच्या धानाच्या बांध्यांना पाणी अंजूने घेतलं. मी तुडुमाजवळ उभा होतो, तिने मान वर केली नाही.

१९ जानेवारी २०२६

मॅडमचा फोन! कागद परत आला. दिलं नाही, नाकारलंही नाही. विचारलं आहे!

तिकडच्या कायद्यात म्हणे "साक्षीदार म्हणतो" एवढ्यावर कोणाच्या खासगी गोष्टी उघडत नाहीत. साक्षीदार कशावरून म्हणतो, ते आधी लिहून द्या. तीन प्रश्न आहेत. साक्षीदार किती अंतरावर होता? उजेड किती होता? आरोपीला ओळखलं ते नेमकं काय पाहून?

मी विचारलं, कोण विचारते? मॅडम म्हणाल्या, तिकडचा एक अधिकारी. त्यालाही त्यांच्या जजला पटवावं लागतं.

त्या माणसाने गोंदिया ऐकलं नसेल. कुशलचं नाव त्याला धड घेताही येत नसेल. तरी त्याची एक गोष्ट उघडण्याआधी तो मला विचारतो, तुला कसं ठाऊक? धन्य आहे! इथं पोलिसांनी विचारलं नाही, गावाने विचारलं नाही. उमरावभाऊ म्हणतात म्हणजे झालं! सगळ्यांनी मानच डोलावली. आणि मला ते गोड वाटलं, हे इथं लिहूनच टाकतो.

२० जानेवारी

उत्तरं चोख द्यायची म्हणून त्याच वेळेला, तिन्हीसांजेला, तलावाच्या पाळीवर गेलो. त्या दिवशी जिथं होतो तिथं उभा राहिलो. पावलं मोजली — एकशे दहा. दिवस बुडालेला. तुडुमाजवळ कुंदाला उभं केलं होतं. लुगडं दिसलं, कुंदा नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. पहिलं उत्तर लिहिलं. दुसरं लिहिलं.

तिसरं. काय पाहिलं? पाठ. वाकलेली. डोक्याला दुपट्टा. तोंड पाण्याकडे. मग कुशल कशावरून? तर मंगळवार होता. मंगळवारी पाण्याची बारी कुशलची. ज्याची बारी तोच तुडुमावर, दुसरा कोण येणार — चाळीस वर्षं मी असाच माणसं ओळखतो. कोणाचं तोंड पाहायची गरजच पडली नाही!

पण मारायला येणारा काय माझी बारीची यादी वाचून येतो?

कुशलचा चेहरा आठवून पाहिला. आठवतो, पण तो पोलिसांच्या गाडीत बसतानाचा. त्याआधीचा नाही. किती ताण दिला तरी नाही. देवा, पंधरा महिने!

कुंदा म्हणाली, "जेवत कायले नाही?"

२२ जानेवारी

गोंदिया. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही साक्ष बदलताय."

"बदलत नाही जी. आज पहिल्यांदा देऊन राहिलो."