परातीतलं फूल

३ एप्रिल

परत तेच! फोन लावला की आबांचं एकच — "तूच सांगितलंस ना!" व्हय, म्या सांगितलं. पण मजेत! हितं युगांडात, मी कामाला आहे त्या दुकानापासून तासाभरावर पृथ्वीच्या मधोमध आखलेली पिवळी रेघ आहे. विषुववृत्त म्हणतात. तिथं एक माणूस भोकाच्या परातीत पाणी ओततो, वर फूल टाकतो. रेघेच्या अलीकडं फूल एका अंगाला फिरत खाली जातं, पलीकडं उलट. "पृथ्वी फिरते म्हणून," म्हणाला. म्या व्हिडिओ काढून घरी पाठवला. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय!

आबांनी तो गेनूतात्याला दाखवला. तात्या पाणाड्या. आजवर तळहातावर नारळ धरून बोअरची जागा सांगायचा. आता नारळ सुटला, परात आली. आमच्या माळावर फिरतोय — फूल डावीकडं फिरलं की खाली पाणी!

५ एप्रिल

बोअरसाठी दोन्ही गाया विकणार.

"चंद्री बी?"

"व्हय," आय म्हणाली. लगेच फोन ठेवला.

१२ एप्रिल, रविवार

परत रेघेवर गेलो. या वेळी फुलाकडं बघितलंच न्हाई, त्या माणसाच्या हाताकडं बघितलं. अलीकडं परातीच्या डाव्या कडेनं ओततो, पलीकडं उजव्या! गिरकी ओततानाच बसते. विचारलं तर नुसता हसला.

खोलीवर येऊन तेलाच्या डब्याला भोक पाडलं. दहादा केलं. सहादा उजवीकडं, चारदा डावीकडं. एवढ्याशा डब्यात पृथ्वीचं काय चालत न्हाई!

१३ एप्रिल

आबांना सगळं सांगितलं.

"आठवी नापास तू. मला पृथ्वी शिकवतोस व्हय रं?"

"आबा, तात्याचा हात बघा ओतताना. एवढं तरी करा!"

"तिथलं पाणी येगळं, हितलं येगळं. गाडी कापूरहोळला आलीया. उद्या वर चढंल."

बोअरच्या गाडीपुढं आडवा पडलो असतो. पण मी तिथं आहे कुठं!

१५ एप्रिल

साडेतीनशे फूट. नुसता फुफाटा. गाया आधीच गेल्या होत्या.

१७ एप्रिल

आबा रिकाम्या गोठ्यात बसून असतात म्हणे. आणि आता दुसरी जागा! तात्या म्हणतो, त्या दिवशी वारा होता, फूल वाऱ्यानं फिरलं. म्या फोनवर लई ओरडलो.

दिवाळीला घरी जायच्या तिकिटाचे पैसे ट्रंकेत आहेत. त्यांना हात लावायचा न्हाई. ठरलं.

२० एप्रिल

धाकट्या दिपालीचा फोन.

"दादा, तात्याचा हात आबांना पहिल्या दिवशीच दिसला व्हता. तू सांगायच्या लई आधी."

"मग गाया कशाला विकल्या?"

"जाताना तू म्हणाला व्हतास, हितं प्यायला पाणी न्हाई, कशाला राहू? आबा म्हणतात, तात्या खोटा का असंना, जागा तर दाखवतोय. पाणी लागलं तर पोरगं येईल."

गाया परत आणा, असं सांगणार होतो. न्हाई सांगितलं. तिकिटाचे होते तेवढे सगळे दुसऱ्या बोअरला पाठवले. बासष्ट हजार रुपये.