भिसे खिंडीचा उतार

रोहा
ता. १४ जुलै १९९६

अरीबाच्या अब्बांना,

सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचं दम्मामहून आलेलं पत्र आणि फोटो मिळाले. फोटोत तुम्ही बारीक दिसता. खाण्याची हयगय करू नका. अम्मीचा दमा सध्या शांत आहे. अरीबा तिसरीत गेली. शाळेच्या वाटेवर चिखल झालाय, त्यामुळे घरी आल्यावर पाय धुण्यावरून माझी नि तिची रोज वादावादी.

तुम्ही पिकअप विकून टाकायला लिहिलंत. तिथून सुट्टीवर आलेला तुमचा दोस्त शाहिद माणगावच्या गिऱ्हाइकाचं बोलूनही गेला. माझं म्हणणं एवढंच, गणपती होईपर्यंत थांबा. जोह्याच्या मूर्तिकार हितेशने रोह्यातल्या दुकानांच्या मूर्ती पोचवायचं काम यंदा आपल्याला दिलंय. मी शब्द देऊन बसलेय. आणि अब्बाजींनी ठेवलेला माणूस, पुंडलिकमामा, इतकी वर्षं आपली गाडी चालवली त्यांनी. गाडी गेली तर ते कुठे जातील, याचाही विचार करा.

दुसरं म्हणजे ब्रेकचं काम करून घेतलं. मागच्या महिन्यात पाइप फुटला होता. विशेष काही झालं नाही, डाव्या बाजूचा पत्रा तेवढा चेपलाय. पेणच्या दिनानाथ मेस्त्रींकडे गाडी नेली तर ते म्हणाले, "वहिनी, नुसता पाइप बदलून देतो, पण उद्या दुसरा फुटंल. जुनी गाडी ही, चारी चाकांना एकच लाईन हाय. एकीकडनं तेल गेलं की चारी चाकं मोकळी." मग त्यांनी नव्या मॉडेलचा मास्टर सिलिंडर बसवला. त्याला दोन खण असतात. पुढच्या चाकांचं तेल वेगळं, मागच्यांचं वेगळं. एक गेलं तरी दुसरं गाडी धरतं. बूस्टरही लावला. चारी चाकांचे लायनर नवीन टाकले. पूर्वी पेडलवर उभं राहावं लागायचं, आता नुसत्या चवड्याने दाबलं तरी गाडी थांबते. असं मामा म्हणतात.

जपून राहा. अम्मीची दुआ.

तुमची,
आमना


रोहा
ता. २० सप्टेंबर १९९६

अरीबाच्या अब्बांना,

सलाम. तुमचं पत्र चारच ओळींचं आलं. "शाहिदने परत निघायच्या आधी नागोठण्याच्या नाक्यावर आपली पिकअप पाहिली. एक बाई चालवत होती. ती तू नाहीस, एवढं लिहून कळव."

ते मला लिहिता येत नाही. ती मीच होते.

मागच्या पत्रात विशेष काही झालं नाही असं लिहिलं. झालं होतं. जूनमध्ये मी आणि अरीबा पेणहून, माझ्या माहेराहून, पिकअपनेच परत येत होतो. मागे मिठाची पोती. नागोठण्यापुढची भिसे खिंड उतरताना ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. मामांनी दोनदा, तीनदा मारून पाहिलं. काहीच लागेना. समोरच्या वळणावरून एस.टी. वर चढत होती. मामांनी गिअर खाली टाकला आणि गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घासत नेली. तो आवाज मी सांगू शकत नाही. अरीबाचं डोकं मी पोटात दाबून धरलं होतं. गाडी थांबली. एस.टी.वाला शिव्या देत निघून गेला. मामांची बोटं स्टेअरिंगवरून सुटेनात, मी एकेक करून सोडवली.

काम होऊन गाडी घरी आली. मामा सकाळी वेळेवर आले, इंजिन चालू केलं, गिअरवर हात ठेवला आणि चावी काढून खाली उतरले. "पोरगी व्हती गो गाडीत," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मला म्हणाले, "इद्रीसला लिहू नको. पुंडलिक घाबरला, असं लिहू नको गो." मी कबूल केलं. म्हणून ते पत्र तसं लिहिलं गेलं.

लायसन्स माझ्याकडे होतं. गेल्या वर्षी रात्री अम्मीचा दमा उसळला आणि दवाखान्यात न्यायला कोणी मिळेना, तेव्हापासून मामांनीच मला शिकवलं. पेणच्या आर.टी.ओ.त परीक्षाही दिली. तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही नाही म्हटलं असतंत. मी मामांना म्हटलं, "तुम्ही बाजूला बसा. मी चालवते, तुम्ही नुसतं सांगा."

ते बसले. जोह्याहून पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती घेऊन निघालो की वाटभर सांगत राहायचे, "ब्रेक मारू नको गो, ब्रेकवर पाय ठेव. मागं देव हायत." हितेशने पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलं, "मामा बाजूला हायत ना?" एवढं विचारलं आणि माल भरायला लागला. नागोठण्याला पोरांनी शिट्या मारल्या. तुम्ही राहता तिथे बायका गाडी चालवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. इथे तरी कुठे चालवतात! अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी न बोलताच डबा पुढे केला. उघडून पाहिला तर भाकऱ्या दोन माणसांच्या होत्या.

एकही मूर्ती दुखावली नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची खेप होती. खिंडीच्या माथ्यावर मामा म्हणाले, "थांबव. मी घेतो." मागे लोकांचे गणपती. पण मी उतरले आणि त्यांच्या जागी जाऊन बसले. ते बराच वेळ नुसते इंजिन चालू ठेवून बसले होते. मग उतरायला लागले, अगदी सावकाश. त्या वळणाशी त्यांनी पेडल दाबलं. भर उतारावर गाडी उभी राहिली. सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा उभी. माझ्याकडे वळले तर डोळे भरलेले. "धरतो गो," म्हणाले.

रोह्यात माल उतरवल्यावर स्वतःच म्हणाले, "आता इद्रीसला लिही. माझंसुद्धा लिही."

माणगावच्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. तुम्हाला विचारलं नाही. गाडीवर आता दोन ड्रायव्हर आहेत, हितेशने पुढच्या वर्षाचंही आत्ताच विचारलंय, आणि तिसऱ्या माणसालाही पुरेल एवढं काम या रस्त्यावर आहे. तीन वर्षं झाली तुम्हाला घरी येऊन. अरीबा तुम्ही पाठवलेल्या कॅसेटमधल्या आवाजाला उत्तरं देते, मग ओशाळते.

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण चार ओळींत नको. या, समोर बसा आणि हवं तेवढं बोला. मी सगळं ऐकून घेईन. फक्त विमान कधी उतरतंय ते कळवा.

तुम्हाला मुंबईहून घेऊन येणारी,
आमना