दोनदा घंटी

हॉलिन ब्रिज, ४ मार्च

प्रिय रोलंड,

तुला आणि मार्जवहिनीला नमस्कार. तू दार उघडत नाहीस, म्हणून लिहिते. माझ्या क्लेमला जाऊन हिवाळा सरला. सख्खा भाऊ असा शेजारच्या गल्लीत लपून बसतो का? मार्ज सांगते, परवा चहात मीठ घातलंस.

काल रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या मिस होलरॉइड आल्या होत्या. क्लेमची गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली, ती त्याच्या बेफिकिरीने की आपल्या फलाटावर घंटी देण्याच्या रीतीमुळे, हे त्यांना ठरवायचंय. बेफिकिरी ठरली तर रीत तशीच राहील. गाडीचा गार्ड तू होतास. तू तोंडच उघडत नाहीस म्हणाल्या. बोल ना रे.

तुझी बहीण,
एनिड

९ मार्च

प्रिय एनिड,

मीठ एकदाच पडलं, मार्ज वाढवून सांगते.

काय बोलू? दारं लागली, मी ‘गाडी तयार’ म्हणून दोनदा घंटी दिली. सिग्नल लाल आहे हे मला दिसत होतं. आम्ही सगळेच तशी देतो. घंटी दिली की गार्डचं काम झालं, सिग्नल बघणं ड्रायव्हरचं. इतकी वर्षं क्लेम थांबायचा. त्या दिवशी निघाला. हे सांगितलं तर लोक म्हणतील, मेहुण्याला यानेच पाठवलं. तूही म्हणशील.

रोलंड

१२ मार्च

प्रिय रोलंड,

चहा झाला की मी किटलीवर चमचा दोनदा वाजवायची, आठवतं? क्लेम पेपर टाकून उठायचा. एकदा मी गंमत म्हणून उगाच वाजवला, तर पठ्ठ्याने येऊन रिकामा कप तोंडाला लावला. तू किती हसला होतास! आवाज झाला की त्याचे पाय निघायचे, डोळे मागून यायचे.

हे मी मिस होलरॉइडना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. सिग्नल हिरवा झाल्याशिवाय गार्डने घंटी द्यायचीच नाही, असा नियम मागता येईल म्हणाल्या. पण माझ्या चमच्याच्या गोष्टीवरून नाही, गार्डने स्वतः सांगितलं तरच.

मंगळवारी त्या पुन्हा येतील. तू म्हणतोस ते माझ्या मनात आलं होतं. अजून पुरतं गेलेलं नाही. तरी ये. चमचा वाजवणार नाही, नावाने हाक मारीन.

एनिड

१४ मार्च

प्रिय एनिड,

येतो. त्यांना सगळं सांगतो.

हाक मारलीस तरी आधी कपात बघेन.

तुझा,
रोलंड